असुराचे कूळ कोणी घ्यावे?



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून काही वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडली असेल. वसंत व्याख्यानमालेत संतवाङ्मय असावे, इतिहास असावा, शेतीचा किंवा पाण्याचा प्रश्न असावा. हे असुराचे कूळ मध्येच कोठून आले? सांगतो. आपल्या कॉलेजातली मुले हल्ली एक खेळ खेळतात. टेबलाभोवती चारपाच जण बसतात. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रे होतात. कोण लढवय्या, कोण मांत्रिक, कोण चोर. फासे टाकायचे, आणि पडेल त्या दानाप्रमाणे गोष्ट पुढे न्यायची. या खेळाचे मूळ नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी तो 1974 साली काढला. खेळाच्या आरंभी प्रत्येकाने आपल्या पात्राचा वंश ठरवायचा असतो. माणूस व्हा, बुटका व्हा, किंवा ‘टीफलिंग’ व्हा. टीफलिंग म्हणजे ज्याच्या पूर्वजांत कोणी सैतान होऊन गेला, आणि ज्याच्या कपाळावर शिंगे व पाठीमागे शेपूट राहिले, असा माणूस. पुष्कळ मुले हेच कूळ हौसेने घेतात. त्यांतल्याच काहींनी मला विचारले की, आपल्या मातीतले असे पात्र करायचे तर असुराचे कूळ घ्यावे काय, आणि घेतले तर त्याचा अर्थ काय? प्रश्न खेळातला आहे. पण महाडात बसून त्याचे उत्तर द्यायचे म्हटले की तो निव्वळ खेळातला राहत नाही.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की असुराचे सोंग घेणे आपल्याकडे नवे नाही. पोलादपूर सोडून कशेडी घाट ओलांडला की खेड-चिपळूणकडच्या मुलखात शिमग्याला नमन-खेळे निघतात. त्यांत काळा वेष केलेला, कमरेला घुंगरे बांधलेला संकासूर येतो. पुराणाप्रमाणे हा वेद चोरणारा शंखासुर. विष्णूने मत्स्यरूप घेऊन त्याला मारले. पण गावात त्याचा मान पाहावा. पोरे त्याला भितात आणि मोठी माणसे त्याच्या पाया पडतात. खाली दशावतारात हाच संकासूर लोकांच्या बोलीत बोलतो आणि सर्वांना हसवतो. ज्याला देवाने मारला त्याला गावाने मात्र टाकून दिलेला नाही.

आता ‘असुर’ या शब्दाकडे वळू. ऋग्वेदाच्या जुन्या भागात हा शब्द शिवी नाही, पदवी आहे. वरुणाला असुर म्हटले आहे, अग्नीला आणि इंद्रालाही म्हटले आहे. इराणात हाच शब्द ‘अहुर’ झाला आणि तेथे परमेश्वराच्या नावाला लागला. उलट आपला ‘देव’ तेथे ‘दएव’ होऊन भुतांच्या पंक्तीत जाऊन बसला. मागाहून आपल्याकडच्या लोकांना असुर शब्दातला ‘अ’ नकाराचा वाटला, आणि ‘सुर नव्हे तो असुर’ असा अर्थ लावून ‘सुर’ हा शब्द नव्याने पाडला गेला. म्हणजे पदवीची शिवी झाली. शब्द तोच, तो उच्चारणारे बदलले.

वंशावळ काढून पाहिली तर आणखी गंमत आहे. पुराणेच सांगतात की देव आणि दैत्य ही एका कश्यपाची लेकरे. आया तेवढ्या निराळ्या. अदितीचे ते देव, दितीचे ते दैत्य, दनूचे ते दानव. मग देवासुरांचे युद्ध हा सावत्र भावांतला वाटणीचा तंटा ठरतो, आणि अमृताच्या वाटपात काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. मंथनाची दोरी दोघांनी ओढली, सापाच्या तोंडाची बाजू दैत्यांकडे आली, आणि कुंभ वर आल्यावर एकाच बाजूच्या पंगतीत वाढणे झाले. ज्याने कारखान्यात बोनसची वाटाघाट पाहिली आहे त्याला ही कथा निराळी समजावून सांगावी लागत नाही. रावणाचेही तसेच. आई राक्षसी, पण बाप विश्रवा हा पुलस्त्य ऋषीचा मुलगा. हिरण्यकशिपूच्या घरात प्रल्हाद जन्मला, प्रल्हादाचा नातू बळी झाला. तेव्हा कुळावरून शील ठरते हे खुद्द पुराणांनाही नीटसे सिद्ध करता आलेले नाही.

आपली दिवाळीच पाहा. नरकचतुर्दशीला पहाटे तुळशीपुढे कोकणातला माणूस कारीट पायाखाली फोडतो. ते कडू फळ म्हणजे नरकासुर. दोन दिवसांनी पाडव्याला तोच माणूस ‘इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो’ म्हणतो. तो बळीही असुरच. एकाच सणात एका असुराला टाचेखाली घेतो आणि दुसऱ्याचे राज्य मागतो. शेतकऱ्याच्या मनात ही दुसरी आठवण कशी टिकून राहिली, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

तो विचार जोतीराव फुल्यांनी केला. 1873 साली त्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिली, आणि अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या तिथल्या लोकांना ती अर्पण केली. विष्णूचे अवतार म्हणजे बाहेरून आलेल्या आर्यांच्या स्वाऱ्या, बळी हा येथल्या कष्टकऱ्यांचा न्यायी राजा, आणि शूद्रातिशूद्र हे त्याच्या प्रजेचे वंशज, अशी मांडणी त्यांनी केली. खंडोबा, म्हसोबा हे त्यांनी बळीचे कारभारी ठरवले. महार हा शब्द ‘महाअरि’, म्हणजे मोठा शत्रू, यावरून त्यांनी लावला. व्युत्पत्तीचे पंडित यांतले बरेचसे मान्य करणार नाहीत. परंतु जोतीराव कोशकाराचे काम करीत नव्हते. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या ‘तू नीच, कारण तुझे पूर्वज नीच’ असे ऐकवले गेले, त्याला त्यांनी सांगितले की तुझे पूर्वज नीच नव्हते, ते हरलेले होते. हरणे आणि नीच असणे यांतला फरक संपात एकदा हरलेल्या कामगाराला विचारावा. हरलेला माणूस उद्या पुन्हा उभा राहतो. स्वतःला नीच समजणारा उभा राहत नाही.

ही निवड आपल्या तालुक्यात कोणी केली तेही सांगितले पाहिजे. महाडजवळच्या रावढळचे गोपाळ बाबा वलंगकर पलटणीत हवालदार होते. 1886 साली निवृत्त होऊन ते दापोलीस राहिले. फुल्यांच्या विचारांचा त्यांच्यावर मोठा परिणाम होता. ‘विटाळ विध्वंसक’ लिहून त्यांनी अस्पृश्यतेच्या आधारांनाच प्रश्न विचारले. त्यांनी जी संस्था काढली तिचे नाव ‘अनार्य दोषपरिहारक मंडळी’. नाव नीट ऐका. आर्य हा शब्द त्या काळी मोठ्या अभिमानाचा झाला होता. शहाणेसुरते लोक आपण आर्य म्हणून पत्रे आणि समाज काढीत होते. त्या काळात एक निवृत्त हवालदार पाटीवर ‘अनार्य’ लिहितो. पुढे सैन्यात महारांची भरती बंद पडली, तेव्हा 1894 साली त्यांनी भरती पुन्हा सुरू करण्यासाठी अर्ज तयार केला, आणि त्यात आपले लोक पूर्वीचे क्षत्रिय असल्याचे मांडले. एके ठिकाणी अनार्य, दुसरीकडे क्षत्रिय. कोणी याला विसंगती म्हणेल. मला ती दिसत नाही. संस्थेच्या नावात आपल्या माणसांची पाठ ताठ करावयाची होती. अर्जात सरकारकडून भाकरी आणि बंदूक मागावयाची होती. 1895 साली त्यांची महाडच्या लोकल बोर्डावर नेमणूक झाली, आणि शेजारी बसावे लागते म्हणून सवर्ण सभासद नाराज झाले. त्यांचे कूळ कोणते याची चौकशी त्या सभासदांनी केली नसावी. त्यांना जात पुरेशी होती.

याच्या उलट उदाहरण आपल्या डोंगरकपारीतच आहे. कातकऱ्यांची जुनी समजूत अशी की, आपण रामाबरोबर लंकेला गेलेल्या वानरांचे वंशज. म्हणजे त्यांनी निवडलेली बाजू देवाची, आणि तीही विजयी. फळ काय मिळाले? कात काढण्याचा धंदा गेला, जंगल गेले. कोळशाची भट्टी आणि वीटभट्टी वाट्याला आली, आणि आज सरकारच्या यादीत ते विशेष दुर्बल आदिवासी गटांत मोडतात. रामाच्या सैन्यातल्या शिपायाला पेन्शन नाही. दुसरीकडे झारखंडात ‘असुर’ याच नावाची जमात आहे. दगडातून लोखंड गाळण्याची विद्या हा तिचा वारसा. त्यांच्यातले काही लोक महिषासुराला आपला पूर्वज मानतात आणि दुर्गापूजेच्या दिवसांत शोक पाळतात. तेव्हा कूळ देवाचे घेतले म्हणून पोट भरत नाही, आणि असुराचे घेतले म्हणून हातची विद्या जात नाही.

निवडलेले कूळ आणि लादलेले कूळ यांत मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे. 1871 साली इंग्रज सरकारने कायदा करून कित्येक जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले. आपल्याकडच्या पारध्यांच्या कपाळी तो शिक्का बसला. मूल पाळण्यात असतानाच चोर! तो कायदा 1952 साली रद्द झाला. लोकांच्या मनातला अजून पुरता झालेला नाही. टीफलिंगच्या कपाळाची शिंगे मुलांना मौजेची वाटतात, कारण ती संध्याकाळी काढून ठेवता येतात. ज्यांना ती काढता येत नाहीत त्यांची आठवण खेळताना ठेवावी, एवढेच माझे मागणे आहे.

आता महाडच्या तळ्याकडे येऊ. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकरांच्या मागोमाग हजारो माणसे चवदार तळ्यावर गेली आणि पाणी प्याली. विरोधकांनी तळे बाटले म्हणून पंचगव्याच्या 108 घागरी ओतून ते शुद्ध करून घेतले. 25 डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. त्या परिषदेत बाबासाहेबांनी नाते जोडले ते बळीशी नव्हे आणि क्षत्रियांशीही नव्हे. त्यांनी 1789 सालच्या फ्रेंच राष्ट्रसभेचा दाखला दिला. पाणी मागताना त्यांनी पूर्वज साक्षीला आणले नाहीत. वहिवाटीचा दावा विरुद्ध पक्षाने केला, आणि तोच कोर्टात टिकला नाही. 17 मार्च 1937 रोजी मुंबई हायकोर्टाने निकाल दिला की, अस्पृश्यांना मज्जाव करण्याची पुरातन वहिवाट सिद्ध झालेली नाही. पुढे 1946 साली ‘शूद्र पूर्वी कोण होते’ या प्रश्नावरच्या ग्रंथात बाबासाहेबांनी शूद्र हे आर्य क्षत्रियच होते असे प्रतिपादन केले. हे फुल्यांच्या मताच्या अगदी उलट. तरी तो ग्रंथ त्यांनी अर्पण केला फुल्यांनाच. वंशाविषयी मतभेद असूनही लढा एकच राहू शकतो, याचा यापेक्षा चांगला दाखला मला माहीत नाही. ज्या परिषदेचे काम दासगावच्या रा. बा. मोऱ्यांसारख्या तरुणांनी अंगावर घेतले, ते मोरे पुढे मुंबईत कामगार चळवळीत गेले, हेही सहज घडलेले नाही.

खेळाकडे परत येतो. मुलांनो, अर्धे असुर कूळ घ्यावयाचे असेल तर घटोत्कच डोळ्यांसमोर ठेवा. बाप भीम, आई हिडिंबा. राज्याच्या वाटणीत त्याचे नाव नाही. पण संकट आले की त्याला बोलावणे येते. कर्णाची अमोघ शक्ती अर्जुनासाठी राखलेली होती. ती घटोत्कचावर खर्ची पडली. पांडव रडत होते आणि कृष्णाला आनंद झाला होता. कर्णाने याला मारले नसते तर पुढे मला मारावे लागले असते, असे तो बोलून गेला. जोखमीच्या कामाला पुढे, हजेरीपटावर नाव नाही, आणि काम संपल्यावर ओळख नाही. आपल्या औद्योगिक वसाहतीतल्या कंत्राटी कामगाराला हे पात्र वेगळे रंगवून दाखवावे लागणार नाही.

म्हणून पात्र करताना तीन गोष्टी स्वतःला विचाराव्या. या कुळाला असुर हे नाव कोणी दिले? ते लोक कोणते काम करीत होते, शेती, लोखंड, पहारा? आणि त्यांच्याकडून काय घेतले गेले? या तिहींची उत्तरे मिळाली की पात्र आपोआप उभे राहते. शिंगांचा रंग मागाहून ठरवावा. ही उत्तरे नसतील तर मग राक्षस वाघाच्या तोंडाचाच होतो. 1977 च्या त्या खेळाच्या पुस्तकात आपला राक्षस तसाच छापलेला आहे: येथून गेला तेव्हा ऋषीचा नातू होता, तेथे पोचला तो वाघ होऊन.

एक गोष्ट मात्र त्या खेळवाल्यांच्या खात्यावर जमा केली पाहिजे. 2014 च्या नियमांत टीफलिंग म्हटला की बुद्धीचा एक गुण आणि छाप पाडण्याच्या शक्तीचे दोन गुण जन्माबरोबरच मिळत. 2020 मध्ये हे गुण हवे तसे फिरवण्याची मुभा मिळाली. 2024 च्या नव्या पुस्तकात ते जन्मापासून तोडून पात्राच्या पूर्वायुष्याला जोडले: तो शेतकरी होता की कारागीर, खलाशी की शिपाई, यावर. अंधारात दिसणे वगैरे काही विशेष वंशाकडे राहिले आहेत. फाशांचा खेळ करणाऱ्यांना जन्मापासून कामापर्यंत यायला 50 वर्षे लागली. आपल्याला किती लागतील हे आपल्यावर आहे. खेळणाऱ्यांनी असुराचे कूळ खुशाल घ्यावे; पण त्याबरोबर त्या कुळाचे देणेही घ्यावे.