ऊसवाहतूक : ट्रॉलीचा हूक निवडताना आणि बसवताना



गाळप हंगाम तोंडावर आला की ट्रॅक्टरचे ऑईल बदलले जाते, टायर बघितले जातात, ट्रॉलीला रंग लागतो, मागच्या फाळक्यावर देवाचे नाव नव्याने लिहिले जाते. हुकाकडे मात्र कोणी वाकून बघत नाही. आम्ही शेतकी खात्याची माणसे एरवी या अंकातून लागण, बेणेप्रक्रिया, खोडव्यातील पाचट याविषयी लिहितो. आम्ही हुकावर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. त्याला कारण आहे, आणि ते आमच्या स्वतःच्या चुकीचे आहे.

२०२२-२३ च्या हंगामातली जानेवारीतली एक रात्र. दोन भरल्या ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर ओढ्याच्या पुलावरून चढाला लागला. निम्म्या चढावर ड्रायव्हरने गिअर बदलला, हिसका बसला आणि मागच्या ट्रॉलीची पिन तुटली. ट्रॉली चार चाकांची, तिला स्वतःचा ब्रेक नाही. ती उलटी घसरत खाली आली, रस्ता सोडून बाभळीला धडकली आणि कलंडली. बाभळीच्या पलीकडे पंधरा पावलांवर तोडणीवाल्यांच्या कोप्या होत्या. पहिल्याच कोपीत दोन लेकरे झोपलेली होती. कोणाला काही लागले नाही. बाभूळ आडवी आली म्हणून.

सकाळी तुटलेली पिन आम्ही हातात घेतली. ती पिन नव्हतीच. बांधकामाच्या सळईचा तुकडा होता, वरून वाकवून मूठ केलेला, खाली क्लिपेला भोकसुद्धा नाही. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, दोन हंगाम चालली की हीच." आणि ऑफिसात येऊन वाहन तपासणीचा कागद काढला, तर "हूक व पिन : ठीक" यावर बरोबरची खूण होती. खाली सही आमची. त्या दिवशी चाळीस वाहने तपासायची होती, आम्ही वाकलो नव्हतो.

तर आधी पिनेचेच बोलू. पिन झिजते ती मधल्या भागात, कडीच्या घासण्याने, आणि बाहेरून दिसत नाही. २५ मिलिमीटरची पिन झिजून २० झाली तर आपण म्हणतो, पाचच मिलिमीटर गेले. पण ताकद जाडीवर नसते, कापाच्या क्षेत्रफळावर असते. हिशेब केला तर त्या पिनेत ६४ टक्केच बळ उरते. म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त गेले. शिवाय कडीचे भोक मोठे झालेले असते. मग पिन भोकात खेळते आणि प्रत्येक गिअरला, प्रत्येक खड्ड्याला ट्रॉली तिच्यावर घणासारखी आदळते. सरळ ओढीने पिन सहसा तुटत नाही, हिसक्याने तुटते. म्हणून पिन भोकाच्या मापाचीच हवी. भोक फार मोठे झाले असेल तर जाड पिन शोधण्याआधी कडी बदला.

पिन ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानातून घ्या, डोके असलेली आणि खाली क्लिपेला भोक असलेली. क्लिप स्प्रिंगची असावी. तार, खिळा, सुतळी यातले काही नको. सुतळी बांधलेलीही आम्ही पाहिली आहे, खोटे वाटेल.

हूक दोन पट्ट्यांचा असावा, म्हणजे कडी मध्ये आणि पट्टी वर-खाली. अशा हुकात पिनेवरचा भार दोन ठिकाणी वाटला जातो. एकाच पट्टीवर उभी केलेली पिन मात्र वाकते, आणि वाकत वाकत एक दिवस निसटते.

आता हूक कुठे बसवायचा. इथे आपल्याकडे सर्वांत जास्त चुका होतात. लिफ्टच्या दोन हातांमध्ये जी भोकांची आडवी पट्टी असते, तिला भरलेली ट्रॉली जोडू नये. लिफ्ट हलली की हुकाची उंची बदलते. कंपनीने ट्रॅक्टरच्या पाठीमागे जो ट्रेलरचा हूक दिलेला असतो, तीच जागा. काही जण तो काढून वेल्डिंगवाल्याकडून वीतभर वर नवा हूक करून घेतात, कारण ट्रॉलीची दांडी उंच आहे. हे अंगाशी येते ते असे.

समजा ट्रॅक्टरच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत दोन मीटर अंतर आहे आणि चढावर हुकाला एक टनाची ओढ लागते. हूक जमिनीपासून ४० सेंटिमीटरवर असेल तर त्या ओढीने पुढच्या चाकांवरचे २०० किलो वजन उचलले जाते. हूक ८० वर नेला तर ४०० किलो. त्यात ट्रॉली दोन चाकी असेल आणि तिची दांडी मागच्या आसाच्या ६० सेंटिमीटर मागे एक टनाने दाबत असेल, तर आणखी ३०० किलो गेले. ४०० आणि ३०० मिळून ७००. दोन टनाच्या ट्रॅक्टरला पुढे मुळात सात-आठशेच किलो असते. मग तोंड उचलते, स्टिअरिंग हलके लागते, आणि ड्रायव्हर म्हणतो ट्रॅक्टर "उभा राहायला" लागला. त्यावर उपाय म्हणून बोनेटवर माणूस बसवतात. तो उपाय नव्हे. दांडी उंच असेल तर दांडी बदलून घ्या, हूक चढवू नका.

उलटेही होते. दोन चाकी ट्रॉलीत ऊस आसाच्या मागे जास्त रचला तर दांडी हुकाला वर ओढते, ट्रॅक्टरची मागची चाके हलकी होतात आणि ओल्या फडातून निघताना जागीच फिरतात. मुकादमाला मोळ्या पुढून भरायला सांगा.

बोल्ट बघून घ्या. डोक्यावर ८.८ कोरलेले असले म्हणजे ते जादा ताकदीचे. त्यांना चेकनट लावा आणि पहिल्या दोन-तीन खेपांनंतर पुन्हा पान्हा लावा. कंपनीच्या हुकावर वेल्डिंग करू नये. तापलेल्या जागेच्या कडेला लोखंडाचा गुण बदलतो आणि पुढे चीर तिथेच पडते.

साखळीबद्दल आमचा आग्रह आहे. दोन साखळ्या, दांडीच्या खालून एकमेकींना फुली मारून, आणि त्यांचे टोक पिनेला नाही तर वेगळ्या जागी अडकवलेले. वळणावर ताणू नये इतकी सैल, रस्त्याला घासू नये इतकी आखूड. पिन गेलीच तर दांडी साखळीच्या झोळीत पडते, जमिनीत रुतत नाही. पहिल्या आणि दुसऱ्या ट्रॉलीच्या मध्येही साखळी हवी. आमच्या त्या रात्री तिथेच नव्हती.

अलीकडे पिकअप घेतलेले काही सभासद ठिबकच्या नळ्या, पाण्याची टाकी ओढायला हूक बसवावा का असे विचारतात. आधी कंपनीच्या पुस्तकात ओढायची परवानगी आणि वजन बघा. हूक बंपरला कधीही बसवू नका, चासीच्या दोन्ही लांब पट्ट्यांना ब्रॅकेट घेऊन बोल्टने बसवा. भोक पाडावे लागलेच तर पट्टीच्या उभ्या भागात पाडा, वरच्या-खालच्या घडीत नाही, तिथे चासीची ताकद असते. भरलेल्या ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहावा भाग हुकावर यावा. तेवढे वजन पिकअपच्या हौद्यातल्या मालातून वजा धरा. आर.टी.ओ.त विचारल्याशिवाय गाडीत बदल करू नका. आणि पिकअपमागे उसाची ट्रॉली लावायचा विचार कोणाच्या मनात असेल तर तो सोडून द्यावा.

यंदा करार करायला येताना वाहनमालकांनी पिन काढून बरोबर आणावी. गट ऑफिसात मापाची पट्टी ठेवली आहे आणि आम्ही स्वतः मोजणार आहोत. सळईची पिन आणली तर ती परत मिळणार नाही. पहिल्या खेपेला वजनकाट्यावर आधी फक्त ट्रॅक्टरची पुढची चाके चढवून थांबा, काट्यावरचे कर्मचारी आकडा सांगतील. ट्रॅक्टरच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून कमी भरले तर आम्हाला येऊन भेटा. मात्र मागे वाहनांची रांग असेल तर काट्यावर अडून बसू नये, दुसऱ्या खेपेला बघता येईल.