मोजता मोजता बदलणारा धातू

धुळ्याहून आग्रा रस्त्याने शिरपूर ओलांडले, बिजासनचा घाट चढला, की पुढची वाट इंदूरची. व्यापार आणि सोयरिकी यांमुळे खानदेशाला हे शहर परके नाही. तेथील राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात सुमारे १७२ मीटर परिघाचे ‘इंडस-२’ हे वर्तुळाकार यंत्र आहे. त्यातून निघणाऱ्या क्ष-किरणांनी प्रथिनांच्या स्फटिकांची अंतर्रचना टिपली जाते, आणि त्यासाठी भाभा अणुसंशोधन केंद्राने स्वतंत्र किरणवाहिनी उभारली आहे. जनतेच्या पैशातून उभ्या राहिलेल्या अशा साधनाविषयी एक प्रश्न विचारणे गैर नव्हे. त्यातून हाती येणारे चित्र कितपत खरे?

प्रश्न खोडसाळ नाही. हिमोग्लोबिनात लोह असते. सिकलसेलने ग्रासलेल्या सातपुड्यातील कुटुंबांना त्या नावाची ओळख करून द्यावी लागत नाही. जळगावच्या केळीच्या पानात पाण्याचे विघटन करून प्राणवायू मोकळा करणारे जे प्रथिन आहे, त्याच्या गाभ्यात मँगनीजचे चार अणू व कॅल्शियमचा एक अणू असतो. प्रथिनाचे सारे कर्तृत्व बहुधा या मूठभर धातूतच साठवलेले असते, आणि घात होतो तोही तेथेच. स्फटिकात शोषल्या गेलेल्या क्ष-किरणांमुळे इलेक्ट्रॉन उसळतात व धातूकडे धाव घेतात. त्याचा धनभार घटतो, शेजारच्या अणूंची अंतरे सरकतात. बाकीचे प्रथिन शाबूतच दिसते. मापाड्याने गहू तोलावा आणि तोलता तोलताच त्याची ज्वारी व्हावी, पोते मात्र तेच राहावे, असा हा प्रकार!

स्फटिक उणे १७३ अंशांपर्यंत गोठवला की नुकसान पुष्कळ आटोक्यात येते. अशा स्फटिकांसाठी ३ कोटी ग्रे ही मात्रेची मर्यादा एलस्पेथ गार्मन व सहकाऱ्यांनी २००६ साली सुचविली. परंतु गोठलेल्या स्फटिकातही इलेक्ट्रॉन हिंडतात, आणि धातू त्या मर्यादेच्या कितीतरी अलीकडेच बदलतो. पानातील मँगनीजची ही अवस्था जुन्को यानो व सहकाऱ्यांनी २००५ साली दाखवून दिली. पुढे २०११ साली जपानी शास्त्रज्ञांनी त्याच प्रथिनाचे अत्यंत सुस्पष्ट चित्र मिळविले. मात्र २०१५ साली सेकंदाच्या एक अब्जांशाच्याही सुमारे एक लक्षांश इतक्या अल्प काळाच्या क्ष-किरण लेसर-झोतांनी, म्हणजे इजा प्रकट होण्यापूर्वीच, ते पुन्हा टिपले गेले, तेव्हा मँगनीजमधील काही अंतरे आधीपेक्षा कमी भरली. सुस्पष्ट चित्र अचूक असेलच असे नाही, हे तज्ज्ञांनाही असे उमगावे लागले.

असा लेसर भारताजवळ नाही. हॅम्बुर्गजवळच्या यंत्राला १०० कोटी युरोंहून अधिक खर्च आला. त्याची हाव आज परवडणारी नव्हे. पण दारिद्र्याची सबब येथे पुरती लागू पडत नाही. उप्सालाच्या संशोधकांनी २००२ साली एका लोहयुक्त प्रथिनासाठी किरणांचा मारा अनेक स्फटिकांवर थोडा थोडा वाटून घेतला व धातूच्या निरनिराळ्या अवस्था वेगळ्या केल्या. त्यासाठी लागतात अधिक स्फटिक, अधिक चिकाटी आणि झोताशेजारी धातूचा रंग तपासणारा एखादा वर्णपटमापक. मात्रेचा हिशेब मांडणाऱ्या संगणकप्रणाली उपलब्ध आहेत. तरीही प्रसिद्ध होणाऱ्या अनेक रचनांसोबत हा आकडा छापलाच जात नाही. ताळेबंद मांडून घसारा न दाखविण्याचीच ही तऱ्हा आहे. निधी देणाऱ्या संस्थांनी आपल्या पैशातून निघालेल्या धातुयुक्त प्रथिनाच्या प्रत्येक रचनेमागे तो मागावा. जळगाव-धुळ्याच्या एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांनीही आकृती वहीत उतरविताना, ती किती ग्रे सोसल्यानंतरची आहे, हे प्राध्यापकांना खुशाल विचारावे.