हातची पुस्तकं, भाग ६ : सुट्या पानांची पोथी

मागच्या भागात आपण वही शिवली. रामदासी मठांतली बाडंही अशीच शिवलेली असत. आज मात्र सुई-दोरा बाजूला ठेवायचा. पोथीला शिवण नसते, पाठही नसते. सुटी पानं, वर-खाली दोन फळ्या आणि भोवती बासन, एवढीच तिची बांधणी.

नमुना कुठे पाहायचा, ते जुन्या सूचींतून कळतं. आपलं बालाघाट मध्य प्रांतात होतं आणि राजधानी नागपूरला होती, त्या काळात, १९२६ साली, रायबहादुर हिरालाल यांनी प्रांतातल्या आणि वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची नागपूरहून प्रसिद्ध केली. वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा लाडच्या जैन भांडारांकडे अभ्यासकांचं लक्ष गेलं ते याच सुमारास. पुष्पदंत हा दहाव्या शतकातला, मान्यखेटचा अपभ्रंश कवी. त्याचं ‘णायकुमारचरिउ’ कारंजाहून १९३३ मध्ये छापून आलं. संपादक डॉ. हिरालाल जैन. (हे हिरालाल वेगळे, दोघांची गल्लत नेहमी होते.) मधली जवळजवळ हजार वर्षं हा ग्रंथ टिकला तो नकलेवरून नक्कल होत.

नक्कल करणाऱ्याच्या सोयीने पाहिलं की सुट्या पानांचं कारण कळतं. पोथी सोडून पानं वाटून दिली की चार जण एकाच वेळी लिहायला बसू शकतात. एक पान कसरीने खाल्लं तर तेवढंच नवं लिहून घालता येतं. पुराण सांगणारा वाचून झालेलं पान उचलून पलीकडे पालथं ठेवतो. पुस्तक उघडं राहावं म्हणून त्याला हाताने दाबून धरावं लागत नाही. आडवा लांबट आकार ताडपत्राकडून आला. ताडपत्रं दोरीत ओवायची, म्हणून त्यांना भोक असे. कागदाला त्याची गरज उरली नाही, तरी कित्येक जैन पोथ्यांत पानाच्या मध्यावर कोरी जागा सोडून तिथे तांबडा ठिपका काढलेला दिसतो. मला पोथीतली सर्वांत देखणी गोष्ट हीच वाटते.

आता करायला घेऊ. हातकागद दहा इंच लांब आणि साडेचार इंच रुंद कापा. जुने लोक कागदाला खळ देऊन शंखाने किंवा अकिकाने घोटत. घोटल्याशिवाय बोरू अडखळतो आणि शाई पसरते. त्यामुळे ही पायरी गाळू नका. गुळगुळीत कवडीनेही काम भागतं. ओळी आखायला पेन्सिल नको. पुठ्ठ्यावर सारख्या अंतराने दोरे ताणून चिकटवा, वर कागद ठेवा आणि बोटाने दाबत न्या. ओळी उमटतात आणि लिहून झाल्यावर डोळ्यांत भरत नाहीत. दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच समास सोडा. हात लावायला, टीप लिहायला आणि झिजायला तीच जागा.

शाई काजळाची, बाभळीच्या डिंकात घोटलेली. ती उन्हाने उडत नाही, पण पाण्याने धुपते. हिरडा आणि हिराकसाची शाई पक्की खरी, पण कालांतराने कागद खाते. चुकलेल्या अक्षरावर लेखक हरताळ फासून त्यावर पुन्हा लिहीत. हरताळ विषारी आहे. घरी पिवळी माती डिंकात कालवून वापरा.

हल्ली ‘जुनी’ पोथी करायची म्हणून कागद चहाच्या पाण्यात बुडवतात आणि कडा मेणबत्तीवर जाळतात. हे मला मुळीच पटत नाही. पोथी लिहिणाऱ्याने कोरा, चांगला कागदच घेतला होता. घ्यायचंच तर त्याचा समास घ्या, ओळींमधलं अंतर घ्या आणि शेवटचं पान घ्या. तिथे तो शक, तिथी, गाव आणि कोणासाठी लिहिलं ते नोंदवायचा. पुढे अनेकदा विनवणी असे: जसं पाहिलं तसं लिहिलं, दोष मला देऊ नका, तेलापासून, पाण्यापासून आणि ढिल्या बांधणीपासून हिला जपा.

ढिल्या बांधणीचं भय उगीच नव्हतं. सैल पानांत दमट हवा आणि धूळ शिरते, कागद वाकतो आणि कडा एकमेकींवर घासतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर हे हमखास. पानांपेक्षा फळ्या चहूबाजूंनी थोड्या मोठ्या ठेवा. बासनाला आपल्या वारासिवनीचं हातमागाचं सुती कापड उत्तम. आधी धुऊन त्यातली खळ काढा, कारण कसर खळीवरच येते. कापडाने आवळून गुंडाळा आणि नाडीने बांधा. प्लॅस्टिकची पिशवी नको, ओल आत कोंडते. दसऱ्याला पूजेसाठी पोथी काढाल, तेव्हा पानं सावलीत वाऱ्यावर पसरून पुन्हा बांधा.

पुढच्या भागात खळ: तांदळाची, चिमूटभर मोरचूद घातलेली, आणि मोरचूद विषारी असल्याने स्वयंपाकाच्या भांड्यांपासून दूर शिजवायची. तांदूळ कणीचा चालतो. २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला आपला बालाघाटचा चिन्नोर तांदूळ त्यात घालायला सांगितलं, तर घरातून मलाच हाकलून देतील.