हसविणारी तबकडी पुन्हा पुन्हा का ऐकावी?

विनोदाचे आयुष्य फार थोडे असते. पंगतीत सांगितलेल्या ज्या चुटक्याने मंडळींच्या हातातील घास अडतो, तोच चुटका पुढच्या कार्यात ऐकविला तर ती केवळ सौजन्याने हसतात. तिसऱ्या खेपेस सौजन्यही उरत नाही. गाण्याचे नेमके ह्याच्या उलट आहे. चाल ओळखीची झाली म्हणजे ती अधिक गोड लागू लागते, आणि जिची आपण वाट पाहात असतो ती जागा गवयाने घेतली की मान आपोआप डोलते. मग विनोद आणि गाणे एकाच तबकडीत घातले, तर दोघांपैकी कोणाचा स्वभाव टिकावयाचा? अमेरिकेतील तबकड्यांच्या व्यापाराने ह्याचे उत्तर फार पूर्वीच देऊन ठेवले होते. हसविणारे गाणे म्हणजे ‘नॉव्हेल्टी’, चार दिवसांची नवलाई. ते खपेल तेवढे खपवावे आणि विसरून जावे, असा तेथील शिरस्ता. हा शिरस्ता १९८६ साली न्यूयॉर्कच्या दोन तरुणांनी आपल्या पहिल्याच आल्बमने मोडला. तो कसा मोडला, हे समजून घेण्यासारखे आहे. कारण हसविणाऱ्या कलावंतास आपण नेहमीच गंभीर कलावंताच्या खालच्या पाटावर बसवीत आलो आहोत.

ह्या दोघांचेही नाव जॉन. जॉन लिनेल ह्यांचा जन्म १९५९ चा, जॉन फ्लान्सबर्ग ह्यांचा १९६० चा. मॅसॅच्युसेट्स राज्यातील लिंकन ह्या लहानशा गावी शाळेच्या वयातच त्यांची ओळख झाली, आणि १९८१ साली ते न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागात राहावयास आले. आपल्या जोडीस त्यांनी नाव घेतले ‘दे माइट बी जायंट्स’, म्हणजे ‘ते राक्षस असतीलही!’ ह्याच नावाचा एक चित्रपट १९७१ साली निघाला होता. त्यात जॉर्ज सी. स्कॉट ह्यांनी स्वतःस शेरलॉक होम्स समजणाऱ्या एका न्यायाधीशाची भूमिका केली होती. चित्रपटाच्या नावाचे मूळ पुन्हा सर्व्हांटिसच्या डॉन क्विक्झोटपाशी जाऊन पोहोचते. पवनचक्क्यांना राक्षस समजून त्यांच्यावर भाला रोखणाऱ्या त्या सरदारास जग वेडा म्हणते. परंतु ‘असतीलही’ हा शब्द कोणी उच्चारला, की शहाण्यांची खात्री जराशी डळमळते. ह्या जोडीच्या गाण्यांचा सगळा स्वभाव त्या ‘असतीलही’मध्ये आहे. ही मंडळी थट्टा करीत आहेत की मनापासून बोलत आहेत, हे शेवटपर्यंत नक्की ठरविता येत नाही, आणि ते ठरत नाही म्हणूनच मनुष्य पुन्हा ऐकतो.

ह्या आल्बमची घडण कळावयाची, तर आधी एका आपत्तीकडे वळले पाहिजे. आरंभीच्या दिवसांत लिनेल ह्यांचे मनगट सायकलच्या अपघातात मोडले, आणि त्याच सुमारास फ्लान्सबर्ग ह्यांच्या बिऱ्हाडी चोरी झाली. कार्यक्रम करणे काही काळ बंद पडले. तेव्हा त्यांनी एक मोठी गमतीची युक्ती काढली. घरी कोणी नसताना टेलिफोनवर निरोप देणारे व घेणारे जे यंत्र असते, त्यात त्यांनी निरोपाऐवजी आपले गाणे भरून ठेवले, आणि तो क्रमांक लोकांस जाहीर करून टाकला! ‘डायल-अ-साँग’ हे त्या उपक्रमाचे नाव. कचेरीतून फोन केल्यास हे गाणे फुकट, अशी त्याची जाहिरात असे. म्हणजे बिल धन्याच्या माथी. एका वेळी एकाच माणसाने ऐकावयाचे, अशी ही मैफल होती.

ह्या उपद्व्यापातून त्यांना जी शिस्त लागली, ती एखाद्या गुरूनेही लावली नसती. टेलिफोनमधून वाद्यमेळाचे बारकावे पोहोचत नाहीत. पोहोचतात ती चाल, गळा आणि शब्द. ऐकणारा एकटा असतो, आणि कंटाळला तर रिसीव्हर खाली ठेवण्यास मोकळा असतो. अशा श्रोत्यासाठी लांबलचक प्रस्तावना करून भागत नाही. पहिल्या चार स्वरांतच चाल उभी राहिली पाहिजे, आणि सांगावयाचे ते सांगून झाल्यावर तेथेच थांबले पाहिजे. पहिल्या आल्बममध्ये एकोणीस गाणी आहेत आणि ती सगळी मिळून चाळीस मिनिटांच्या आत संपतात, ह्याचे रहस्य मला तरी त्या टेलिफोनच्या यंत्रात दिसते.

पुढची हकीगत थोडक्यात सांगता येण्यासारखी आहे. १९८५ साली त्यांनी स्वतःच भरलेल्या एका कॅसेटचे परीक्षण ‘पीपल’ ह्या मोठ्या खपाच्या साप्ताहिकात आले. ते हडसन नदीपलीकडच्या होबोकेन गावातील ‘बार/नन’ ह्या छोट्या कंपनीच्या नजरेस पडले, आणि नोव्हेंबर १९८६ मध्ये तबकडी बाहेर पडली. तिचे नाव जोडीचेच. निर्मितीत बिल क्राउस ह्यांचा हात होता, आणि वेष्टनावरचे रंगीबेरंगी चित्र रॉडनी ॲलन ग्रीनब्लॅट ह्यांनी काढले होते.

मोठ्या कंपन्यांच्या बाहेर राहून, बव्हंशी कॉलेजांच्या नभोवाणी केंद्रांच्या आधाराने जे रॉक संगीत त्या दशकात वाढले, त्यास पुढे ‘आल्टर्नेटिव्ह रॉक’ हे नाव रूढ झाले. त्याचा सर्वसाधारण चेहरा गंभीर, किंबहुना जगावर रुसलेला. त्या मेळाव्यात हे दोघे अकॉर्डियन घेऊन उभे राहिले. अकॉर्डियन म्हणजे आपल्या पेटीची, गळ्यात अडकवून दोन्ही हातांनी वाजवावयाची, परदेशी बहीण. अमेरिकेतील तरुणांच्या लेखी त्या काळी हे वाद्य आजोबांच्या पिढीचे, पोल्का नाचाचे आणि लग्नातील मेजवान्यांचे. रॉकच्या रंगमंचावर ते आणणे म्हणजे तंग विजारीवर पगडी घालून सभेत जाण्यापैकीच प्रकार होता. त्यातून ह्यांच्यापाशी ढोल वाजविणारा मनुष्यच नव्हता. ठोके देण्यास एक यंत्र, बाकीच्या साथीस ध्वनिफीत, पुढे एक गिटार व एक अकॉर्डियन, एवढा सगळा संसार. ‘तुमचा ढोलवाला कोठे आहे?’ ह्या प्रश्नास त्यांनी आल्बमच्या अखेरच्या गाण्यात उत्तर दिले आहे. त्या गाण्याचे नावच ‘ऱ्हिदम सेक्शन वाँट ॲड’, म्हणजे ‘ठेकेवाले पाहिजेत’ अशी जाहिरात! आणि त्यात मध्येच अकॉर्डियनवर रेमंड स्कॉट ह्यांच्या १९३७ सालच्या ‘पॉवरहाउस’ ह्या रचनेचा तुकडा अशा झपाट्याने येतो, की ठेकेवाल्यांची उणीव मुळीच भासत नाही.

येथवर जे सांगितले ते बाह्य रूपाचे. आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. ह्या गाण्यांतील विनोद शिळा का होत नाही?

पहिली गोष्ट अशी, की तो विडंबनाचा विनोद नव्हे. आचार्य अत्र्यांच्या ‘झेंडूच्या फुलां’तील खरी गंमत कळावयास मूळ कवितांचा थाट ठाऊक असावा लागतो. अमेरिकेत ‘वीअर्ड अल’ यांकोविक ह्यांनी त्याच दशकात लोकप्रिय गाण्यांची अशीच विडंबने करून मोठे नाव मिळविले, आणि त्यांच्याही कौशल्याविषयी शंका नाही. परंतु विडंबनाचे नशीब मूळ कृतीच्या नशिबाशी बांधलेले असते. लिनेल-फ्लान्सबर्ग ह्यांच्या चाली त्यांच्या स्वतःच्या आहेत. शब्द यत्किंचितही न कळणाऱ्याने त्या ऐकल्या तरी त्या मनात घोळत राहतात. अर्थ नंतर कळतो, आणि मग तो वेगळाच निघतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ह्या आल्बममध्ये हसण्याचा विषय बहुतेक ठिकाणी दुःखाचा आहे. ‘डोन्ट लेट्स स्टार्ट’ हे त्यातील सर्वांत गाजलेले गाणे. १९८७ साली ॲडम बर्नस्टीन ह्यांनी त्याचे चित्रण केले. १९६४ च्या जागतिक प्रदर्शनासाठी न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात उभारलेल्या आणि पुढे ओस पडलेल्या मंडपात ही जोडी नाचताना त्यात दिसते. ‘एमटीव्ही’ ह्या दूरचित्रवाणी वाहिनीने ते दाखविले आणि ब्रुकलिनबाहेर ह्यांचे नाव पसरले. चाल अशी, की लहान मुलांनी टाळ्या वाजवाव्या. परंतु मध्यावर गायक एकाएकी मनुष्यमात्राच्या अपुऱ्या इच्छांविषयी आणि अतृप्त मरणाविषयी बोलतो, त्यालाच सौंदर्याचे नाव देतो, आणि चाल क्षणभरही न थांबता पुढे उड्या मारीत जाते. येथे हसावे की गहिवरावे, हे ऐकणाऱ्यास कोणी सांगत नाही. रडक्या चालीत हेच शब्द घातले असते तर ते एक सामान्य रडगाणे झाले असते.

‘हाइड अवे फोक फॅमिली’चेही तसेच. ऐकावयास ती जवळजवळ अंगाई. पण तिच्यातील कुटुंबास सांगितले जाते ते झोपावयास नव्हे, तर लपावयास. घराच्या कोनाकोपऱ्यांत कसली तरी चाहूल आहे, आणि एक तिरळे अस्वल जिन्यामागे कायमचे निजविलेले आहे. ह्या अस्वलात एक जुना इंग्रजी श्लेष दडला आहे. ख्रिस्ती भजनातील क्रूस आनंदाने वाहण्याविषयीचे शब्द लहान मुलांच्या कानांस तिरळ्या अस्वलासारखे ऐकू येतात, असा तिकडे पिढ्यानुपिढ्यांचा विनोद आहे. तो विनोद उचलून ह्यांनी त्यातील अस्वलच मारून टाकले! ‘रॅबिड चाइल्ड’मध्ये घरी एकटे राहिलेले एक मूल रेडिओच्या यंत्रावरून रस्त्याने जाणाऱ्या ट्रकवाल्यांची टोपणनावे ऐकत बसते, ‘शीज ॲन एंजल’मध्ये कुत्र्यांच्या प्रदर्शनात भेटलेली स्त्री देवदूत असावी अशा संशयाने नायक घाबरा होतो. सुख आपल्या वाट्यास येते ते चुकूनच, आणि चूक लक्षात आली की ते परत मागितले जाईल, ही भीती ज्यांनी अनुभविली आहे, त्यांना ह्या गाण्यात हसू येण्यापूर्वी आणखी काही तरी जाणवेल. माझ्या मते संपूर्ण आल्बममधील हे सर्वांत सुंदर गाणे आहे.

वडीलधाऱ्या वाचकांसाठी आणखी दोन गाण्यांचा उल्लेख केलाच पाहिजे. एकाचे नाव ‘यूथ कल्चर किल्ड माय डॉग’, अर्थात ‘तरुणांच्या संस्कृतीने माझा कुत्रा मारला’. कुत्र्याचा धनी फिर्याद मांडतो, की बिचाऱ्या प्राण्यास बर्ट बॅकरॅक आणि हॅल डेव्हिड ह्या जोडीची गेल्या पिढीची गाणी आवडत. नव्या धडधडाटाने त्याचे डोके फिरले. नातवंडांच्या खोलीतून येणाऱ्या आवाजाविषयी हेच गाऱ्हाणे, कुत्रा वगळून, आपल्याही घरांत ऐकू येते. आणि गंमत ही, की ते येथे तरुणांनीच गायिले आहे. त्यात थट्टा कोणाची, आजोबांची की नातवाची, हे पुन्हा ठरत नाही.

दुसरे गाणे ‘आय होप दॅट आय गेट ओल्ड बिफोर आय डाय’. १९६५ साली ‘द हू’ ह्या इंग्लिश मंडळींनी ‘माय जनरेशन’ ह्या गाण्यात म्हातारे होण्यापूर्वीच मरण येवो अशी इच्छा प्रकट केली होती, आणि रॉक संगीताच्या जगात ती एखाद्या महावाक्यासारखी मानली गेली. सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या ह्या दोघांनी ती सरळ उलटी केली. मरण्यापूर्वी म्हातारपण लाभो, अशी त्यांची प्रार्थना. आणि तीही आजोबांच्या अकॉर्डियनवर, जुन्या नाचाच्या ठेक्यात. तारुण्याची मिजास हेच ज्या संगीताचे भांडवल, त्यात राहून दीर्घायुष्य मागणे हा ह्या आल्बममधील सर्वांत धीट विनोद म्हणावा लागेल. त्यांची ती मागणी बरीचशी पुरीही झाली. दोघांनीही आज साठी ओलांडली आहे, आणि ते अजून एकत्र गातात.

ह्याचा अर्थ तबकडी निर्दोष आहे असा नव्हे. ‘बोट ऑफ कार’मध्ये जॉनी कॅश ह्यांच्या आवाजाचा एक तुकडा घोळविला आहे, तो प्रयोग एकदा ऐकला की पुरे होतो. ‘चेस पीस फेस’ही मला विक्षिप्तपणाच्या पलीकडे गेलेले वाटत नाही. शिवाय अनेक संदर्भ अस्सल अमेरिकन आहेत. पत्नीच्या लोकरी कोटाचे हप्ते फेडीत बिअर पिणारा ‘एलिएनेशन्स फॉर द रिच’मधील कामकरी आपल्यास कळतो, पण तेथील मनुष्यास तो ज्या आवाजाने ओळखू येतो, तो आवाज आपल्या कानांस परका आहे. विनोदाचा एवढा भाग समुद्र ओलांडत नाही.

१९९० साली त्यांचा ‘फ्लड’ हा आल्बम निघाला आणि त्यातील ‘बर्डहाउस इन युअर सोल’ हे गाणे इंग्लंडमध्ये सहाव्या क्रमांकापर्यंत चढले. १९९२ साली अखेर खरे ढोलवाले व इतर साथीदार आले. पुढे ह्याच लेखण्यांनी मुलांसाठी अक्षरे, अंक आणि विज्ञान ह्यांवर गाणी लिहिली, आणि अंकांच्या आल्बमला २००९ साली ग्रॅमी पारितोषिक मिळाले. मुलांसाठी लिहिताना त्यांना आवाज बदलावा लागला नाही. मुले व मरण ह्या दोन्ही विषयांवर ते पहिल्यापासून एकाच सुरात, डोळे मोठे करून बोलत आले होते.

घरातील तरुण मंडळींच्या संग्रहात हा आल्बम असला आणि ऐकून पाहावासा वाटला, तर पहिल्या गाण्यापासून आरंभ न करता ‘शीज ॲन एंजल’पासून करावा, मग ‘डोन्ट लेट्स स्टार्ट’, त्यानंतर म्हातारपणाची प्रार्थना. ‘बोट ऑफ कार’ वगळले तरी चालेल. ‘टॉडलर हायवे’ मात्र वगळण्याचे कारण नाही. ते अर्ध्या मिनिटाच्या आत संपते, आणि ऐकावे की नाही ह्याचा आपला विचार होईपर्यंत पुढचे गाणे लागलेले असते.