कोणता व्हॉल्व्ह आधी तपासायचा?

अणुवीज केंद्रातला प्रत्येक भाग सारख्याच काटेकोरपणे तपासावा, हे ऐकायला बरे वाटते; प्रत्यक्षात त्याने लक्ष विखुरते. अमेरिकेत १९७५ साली नॉर्मन रासमुसेन यांच्या अहवालाने अपघातांच्या शक्यता आकड्यांत मांडल्या. मोठी नळी फुटण्यापेक्षा छोट्या गळत्या आणि माणसांच्या चुकांचा धोका जास्त, असे त्यातून दिसले. अहवालावर टीकाच फार झाली. पण १९७९ मध्ये थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात उघडाच अडकलेला एक व्हॉल्व्ह आणि गोंधळलेले कर्मचारी एवढ्यावरच अणुभट्टीच्या गाभ्याचा सुमारे अर्धा भाग वितळला. पुढे १९९६ पासून लागू झालेल्या देखभाल नियमाने महत्त्वाच्या यंत्रणांच्या कामगिरीवर नजर ठेवणे बंधनकारक केले. जोखीम मोजून काही दुरुस्त्या केंद्र चालू असतानाच होऊ लागल्या. १९८० च्या सुमारास क्षमतेच्या साठ टक्क्यांहून कमी वीज देणारी अमेरिकेतली केंद्रे २००० नंतर नव्वदच्या आसपास पोचली. श्रेय अर्थात जोखीम मोजण्याच्या एकट्या या पद्धतीचे नाही.

आकडे सोयीनुसार वाकवता येतात, हा आक्षेप खोटा नाही. ओहायोतील डेव्हिस-बेसी केंद्राला तपासणी लांबवू देताना जोखमीचेच गणित मांडले होते. २००२ मध्ये अणुभट्टीच्या झाकणात गंजाने पडलेला मोठा खड्डा सापडला. गणित झाकणातून जाणाऱ्या नळ्यांच्या तड्यांचे होते, गंजाचे नव्हे. मात्र तिथे आधी कमी पडली ती साधी पाहणी: झाकणावर साचलेले, गंज आणणारे बोरिक आम्ल वर्षानुवर्षे पुरते साफच झाले नव्हते.