बाकावरची बँक

घाटकोपरच्या एका जर्मन शिकवणीत परवा हशा पिकला. ‘इश झित्से आउफ देअर बांक’ याचा अर्थ एकाने सांगितला, ‘मी बँकेवर बसलोय.’ बिचाऱ्याचं फारसं चुकलं नव्हतं. जर्मनमध्ये ‘बांक’ म्हणजे बसायचा बाक आणि पैशांची बँकही.

अर्थ दोन म्हणजे लिंगं दोन, हा पहिला गैरसमज. ‘झे’ या शब्दाचं तसं होतं खरं: पुल्लिंगी झे म्हणजे तलाव, स्त्रीलिंगी झे म्हणजे समुद्र. पण ‘बांक’ दोन्ही अर्थांनी स्त्रीलिंगीच. फरक कळतो तो अनेकवचनात. बसायची असतील तर ‘बेंके’, पैशांची असतील तर ‘बांकेन’.

बँक हा शब्द मुळात इटालियन, हा दुसरा समज अर्धाच खरा. जर्मन कुळातला बाकाचा शब्द आधी इटलीत गेला. तिथले सराफ बाकावर नाणी मांडून बसत, म्हणून त्यांची पेढीही ‘बांका’ झाली. हा नवा अर्थ पंधराव्या शतकात जर्मनमध्ये परत आला.

आता आपला बाक. पाठीला बाक येतो, तोच हा शब्द, असं पुष्कळांना वाटतं. पाठीचा बाक संस्कृत ‘वक्र’मधून आलेला, ‘बाकदार नाक’ त्याच घरचं. मुलुंड स्टेशनवरचा बाक मात्र पोर्तुगीज ‘बांको’वरून आला, आणि बांकोचं मूळही त्याच जर्मन कुळात. पोर्तुगीज इथे परके नव्हतेच: अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ज्या साष्टी बेटावर आहेत, ते 1534 पासून 1737 मध्ये मराठ्यांनी घेईपर्यंत त्यांच्याच ताब्यात होतं. चावी, पगार, तुरुंग, घमेलं हे शब्दही त्यांचेच. बँक हा शब्द पुढे इंग्रजांनी आणला. म्हणजे पगार जमा होतो ती बँक आणि लोकलची वाट बघतो तो बाक ही चुलत भावंडं. फक्त आपण त्यांना दोन रूपं दिली, जर्मनांनी एकच ठेवलं.

जर्मन भाषा संस्कृतातून निघाली, हेही हौसेने सांगितलं जातं. तसं नाही, दोघींची पूर्वज भाषा एक, त्याहून जुनी.

राहता राहिलं नपुंसकलिंग. मुलीला, ‘मेड्शन’ला, जर्मन नपुंसकलिंगी का म्हणतात, यावर वर्गात बराच खल झाला. ‘शन’ हा लघुत्वाचा प्रत्यय लागला की शब्द नपुंसकलिंगी होतो, एवढंच कारण. कणकवलीकडच्या मुलीला ते विचित्र वाटलंच नाही. तिच्या घरी ‘ता चेडू’च म्हणतात.