हृद्‌रोगभय
हृदयास गंभीर रोग जडला आहे किंवा झटका येऊन लवकरच मृत्यू ओढवेल, अशी पुरेशा तपासणीनंतरही टिकून राहणारी भीती. धडधड, छातीतील कळ, दम लागणे ही लक्षणे रुग्णास खरोखरच जाणवतात. चूक होते ती त्यांचा अर्थ लावण्यात. त्यामुळे ‘तुम्हाला काही झालेले नाही’ हे वैद्याचे उत्तर रुग्णास पटत नाही आणि ते पूर्णांशाने खरेही नसते. पूर्वी झटका येऊन गेलेल्या व्यक्तीसही ही भीती ग्रासू शकते.

जेकब मेंडेस दा कोस्टा (१८३३–१९००) या अमेरिकन वैद्याने यादवी युद्धातील तीनशेहून अधिक सैनिकांच्या निरीक्षणावरून १८७१ मध्ये ‘क्षोभशील हृदय’ या अवस्थेचे वर्णन केले. सैनिकांना धडधड व छातीत वेदना होत. परंतु बहुतेकांच्या हृदयाच्या रचनेत दोष आढळला नाही. पहिल्या महायुद्धात टॉमस लेविस यांनी अशाच रुग्णांना केवळ विश्रांती न देता क्रमशः वाढविलेला व्यायाम दिला. पॉल वुड यांनी १९४१ मध्ये ही लक्षणे श्रमापेक्षा भीतीच्या शारीरिक आविष्काराशी अधिक जुळतात, असे दाखवून दिले.

भीतीमुळे अनुकंपी तंत्रिका तंत्र उद्दीपित होते व ॲड्रेनॅलीन स्रवून नाडी जलद होते. श्वसन जलद झाल्याने रक्तातील कार्बन डाय-ऑक्साइड घटतो. त्यामुळे बोटांना मुंग्या येतात, डोके हलके होते व छाती आवळल्यासारखी वाटते. ही लक्षणे झटक्याचीच आहेत असे वाटून भीती आणखी वाढते. वारंवार नाडी पाहणे, रक्तदाब मोजणे, मनगटी घड्याळातील आकडे न्याहाळणे यांनी क्षणभर दिलासा मिळतो, पण लक्ष छातीवरच खिळून राहते.

तपासण्यांचे निष्कर्ष हा या विकाराचा सर्वांत नाजूक भाग होय. ‘इसीजी’ म्हणून परिचित असलेल्या विद्युत् हृल्लेखाच्या कागदावर यंत्राने छापलेले ‘सीमारेषेवरील’ किंवा ‘अविशिष्ट बदल’ असे शब्द निरोगी व्यक्तींच्या बाबतीतही येतात. जलद श्वसनानेही आलेखातील तरंग बदलू शकतात. चालत्या पट्ट्यावरील श्रमचाचणी हृद्‌रोहिणीविकार असलेल्यांपैकी सु. ६८ टक्क्यांत होकारार्थी येते. मात्र तो नसलेल्यांपैकीही सु. २३ टक्क्यांत ती तशीच येते. समजा, १,००० तरुणांपैकी १० जणांना खरा विकार आहे. तर या चाचणीत सु. ७ रुग्ण सापडतील आणि सु. २२८ निरोगी व्यक्ती विनाकारण धास्तावतील. द्विदली झडपेच्या भ्रंशाचे निदान १९७० नंतरच्या दशकात इको तपासणीने अतोनात होऊ लागले होते; निकष सुधारल्यावर १९९९ च्या फ्रॅमिंगहॅम येथील पाहणीत त्याचे प्रमाण २.४ टक्केच भरले. गरज नसता केलेली तपासणी अशी भीतीचे बीज पेरते.

मंगळवेढ्यासारख्या तालुक्याच्या गावी हा प्रश्न अधिक बिकट होतो. पुढील तपासणीसाठी सहसा सु. २५ किमी.वरील पंढरपूर किंवा सु. ५५ किमी.वरील सोलापूर गाठावे लागते. भावकीतील कोणी अकस्मात गेल्यावर छातीत कळ आलेला शेतकरी इंग्रजी अहवालांची पिशवी घेऊन एका दवाखान्यातून दुसऱ्यात फिरतो. ज्वारीची काढणी घरच्यांवर सोपवून स्वतः पडून राहतो. श्रम टाळल्याने शरीर दुबळे होते व थोड्या चालण्यानेही धडधडते.

उपचारापूर्वी रक्तक्षय, अवटू ग्रंथीचे विकार व खरा हृद्‌रोग यांचा शोध घेतला पाहिजे. भारतीयांत हृद्‌रोहिणीविकार पाश्चात्त्यांपेक्षा लवकर उद्‌भवतो, म्हणून ‘मनाचे खेळ’ असा शिक्का घाईने मारणे धोक्याचे असते. तपासणीनंतर धीर देण्यापेक्षा तपासणीपूर्वी समजावणे अधिक उपयुक्त ठरते : न्यूझीलंडमधील २००७ च्या प्रयोगात, निष्कर्ष सर्वसामान्य आल्यास त्याचा अर्थ काय, हे चाचणीआधीच सांगितलेले रुग्ण पुढे अधिक निश्चिंत राहिले. बोधन-वर्तन उपचारात रुग्ण नाडी पाहण्याच्या वेळा हळूहळू कमी करतो आणि टाळलेली कामे, उदा., बांधापर्यंत चालणे, मग विहिरीपर्यंत, मग अर्धा दिवस शेतात, टप्प्याटप्प्याने पुन्हा करतो. आवश्यकतेनुसार चिंताशामक गुणाची अवसादरोधी औषधेही वैद्य देतात. ही भीती स्वतःही निरुपद्रवी नाही : नॉर्वेतील ७,०५२ व्यक्तींच्या सु. १२ वर्षांच्या पाहणीत आरोग्यचिंता असलेल्यांत हृद्‌रोहिणीविकाराचे प्रमाण सु. ६ टक्के, तर इतरांत सु. ३ टक्के आढळले. शासनाच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून दूरध्वनीने सल्ला मिळतो.

छातीवर दडपण येऊन ते दहा-पंधरा मिनिटांत न ओसरणे, वेदना हात वा जबड्याकडे जाणे, दरदरून घाम येणे, शुद्ध हरपणे यांपैकी काही घडल्यास पूर्वीचे अहवाल चांगले असले, तरी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. मधुमेही व्यक्तींत आणि स्त्रियांत वेदनेऐवजी केवळ दम लागणे वा पराकाष्ठेचा थकवा एवढेच लक्षण असू शकते.